सतरा आकड्यांची कुंडली

१२३४५६७८९८७६५४३२१

ही संख्या आधी नीट बघून घ्या. एकापासून एकेक पायरी चढत नऊपर्यंत जायचं आणि तशाच पायऱ्या उतरून परत एकावर यायचं. सतरा आकडे आहेत. आजचा लेख या एका संख्येबद्दल, तिला नाव देणाऱ्या एका शाळामास्तरांबद्दल आणि थोडासा डोंबिवलीबद्दल आहे.

पहिला प्रश्न, ही वाचायची कशी? आपली मजल रोजच्या व्यवहारात कोटीपर्यंत, फार तर अब्जापर्यंत. त्यापुढे आपण 'बारा हजार तीनशे पंचेचाळीस लाख कोटी' असलं काहीतरी ओढूनताणून बोलतो. पण भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) प्रत्येक स्थानाला स्वतंत्र नाव आहे, थेट परार्धापर्यंत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. ती नावं वापरली तर आपली संख्या अशी वाचता येते: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दशक आणि एक. मोठ्याने वाचून बघा, मजा येते. (अर्बुद म्हणजे आपले दशकोटी, प्रयुत म्हणजे दशलक्ष आणि अयुत म्हणजे दहा हजार.)

जाता जाता सांगतो, हे भास्कराचार्य आपल्याला वाटतात तितके लांबचे नाहीत. चाळीसगावजवळ पाटण्याच्या देवळात १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, त्याच्या देणगीची ती नोंद. गणित शिकवायला दिलेली देणगी दगडात कोरून ठेवायची, ही कल्पनाच मला फार आवडते.

आता ही संख्या केवढी मोठी आहे याचा अंदाज. दर सेकंदाला एक असं मोजत बसलात, जेवणखाण आणि झोप सगळं सोडून, तर पुरं व्हायला सुमारे ३९ कोटी वर्षं लागतील. ३९ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवर डायनोसॉरही आले नव्हते. घाटकोपरच्या माझ्या भाच्याने ती कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये टाइप करून पाहिली, तर शेवटच्या २१ च्या जागी दोन शून्यं आली. त्याला वाटलं कीबोर्ड बिघडला. कीबोर्ड ठीक होता. एक्सेल पहिले पंधरा आकडेच लक्षात ठेवतं आणि पुढच्या जागा शून्यांनी भरून टाकतं. म्हणजे या संख्येचा हिशोब करायचा तर कागद-पेन्सिल बरी. ज्यांच्याबद्दल आज लिहायचंय त्यांच्याकडे तरी दुसरं काय होतं?

नऊ एक

ही संख्या येते कुठून? नऊ वेळा एक लिहा, १११११११११, आणि तिला तिनेच गुणा. बस.

असं का होतं ते समजायला शाळेतला गुणाकार पुरतो. लहान उदाहरण घेऊ, १११ × १११. पहिल्या ओळीत १११, दुसऱ्या ओळीत एक घर डावीकडे सरकवून पुन्हा १११, तिसऱ्या ओळीत आणखी एक घर सरकवून १११. आता उभ्या बेरजा करा. टोकाच्या रकान्यात एकच एक, त्याच्या आतल्यात दोन, मधल्यात तीन, मग पुन्हा दोन आणि एक. उत्तर १२३२१. नऊ ओळी असल्या की मधल्या रकान्यात नऊ एक येतात आणि आपला जिना तयार होतो.

मग दहा एक घेतले तर? इथे खरी गंमत आहे. मधल्या रकान्यात दहा एक येतात आणि दहा एका घरात मावत नाहीत. शून्य लिहून हातचा एक. तो हातचा शेजारच्या नवात जातो, तिथेही दहा, पुन्हा शून्य आणि हातचा एक. तो त्यापुढच्या आठात गेला की त्याचे नऊ होतात आणि तिथे गाडी थांबते. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. चढताना आठ गायब, नऊ एक घर आधीच हजर आणि शिखरावर दोन शून्यं. एका हातच्याने जिना मोडला. म्हणजे आपली सतरा आकडी संख्या ही या कुळातली धडधाकट अशी शेवटची. १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशी सुरुवात करून नववी. तिच्या पुढे नुसते एक वाढवून असा जिना मिळत नाही.

डेम्लो

या कुळाला जगभरातल्या गणिताच्या पुस्तकांत 'डेम्लो संख्या' म्हणतात, आणि या एकांच्या वर्गांना 'वंडरफुल डेम्लो'. वाचणाऱ्याला वाटेल, डेम्लो हा कुणी फ्रेंच किंवा इटालियन गणिती असणार. तसं नाही. डेम्लो हे स्टेशन आहे. जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून तीस मैलांवरचं स्टेशन, म्हणजे आपलं डोंबिवली. या संख्यांचा अभ्यास करायची कल्पना तिथे सुचली म्हणून हे नाव, असं सांगितलं जातं. तीस मैलांचे साधारण ४८ किलोमीटर होतात, आणि सीएसएमटी ते डोंबिवली अंतर तेवढंच आहे.

आमच्यासारख्या मुलुंडकरांना डोंबिवली म्हणजे ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर यांच्या पुढचं स्टेशन. सकाळच्या वेळी जी लोकल तिथून येते तिच्यात आपल्याला चढता येत नाही, एवढाच आपला संबंध. त्या स्टेशनचं नाव अंकगणितात जाऊन बसलंय हे आपल्यातल्या किती जणांना माहीत असतं?

नाव देणारे होते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. आई ते आठ वर्षांचे असताना गेली. वडील कारकून आणि त्यांना ज्योतिषाचा नाद, त्यामुळे घरात आकडेमोड कायमची. माध्यमिक शिक्षण ठाण्यात आणि कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. तिथे १९२७ साली स्वतंत्र संशोधनासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. (रँग्लर परांजपे म्हणजे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय. त्या काळच्या मराठी घरांत हुशार मुलाची उपमा त्यांच्यावरून दिली जायची.) १९२९ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. आणि १९३० पासून नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर. १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तिथेच. एम. एस्सी. नाही की पीएच. डी. नाही, विद्यापीठात नोकरी तर नाहीच.

ठाण्याहून पुण्याला जा, नाहीतर देवळालीहून मुंबईला या, वाटेत डोंबिवली लागतंच. या माणसाच्या आयुष्याचा नकाशा रेल्वेच्या रुळांनीच काढलेला आहे. 'वंडरफुल डेम्लो' संख्यांवरचा त्यांचा लेख १९३८ साली 'द मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात आला. पुढे त्यांनी यावर पुस्तिकाही काढली. बऱ्याच पुस्तिका त्यांनी स्वतःच्या खर्चानेच छापल्या, प्रकाशक म्हणून स्वतःचंच नाव आणि खरेसवाडा, देवळाली असा पत्ता.

कुंडली

वडील माणसांच्या पत्रिका मांडायचे, मुलगा संख्यांच्या मांडायला लागला. ही तुलना माझी, पण मला ती नुसती कोटी वाटत नाही. कापरेकरांनी आयुष्यभर केलं ते हेच: एखादी संख्या घ्यायची, तिच्या आकड्यांना काही ठरावीक प्रश्न विचारायचे आणि उत्तरावरून तिचा गण ठरवायचा. आपल्या सतरा आकडी संख्येची अशी कुंडली मांडून बघू.

पहिलं घर सोपं. संख्या डावीकडून वाचा की उजवीकडून, सारखीच. शाळेत आपण 'चिमा काय कामाची' हे वाक्य उलटसुलट वाचून दाखवायचो, तसली. आणि ती पूर्ण वर्ग आहे हे आपण पाहिलंच.

दुसरं घर, डेम्लोपण. कापरेकरांची डेम्लोची व्याख्या या वर्गांपेक्षा व्यापक आहे. संख्येचे तीन भाग करायचे. मधल्या भागात एकच आकडा, हवा तितक्या वेळा. डाव्या आणि उजव्या भागांची बेरीज केली की तोच आकडा पुन्हा पुन्हा आला पाहिजे. १६५ बघा: १ आणि ५ मिळून ६, मध्ये ६. २५५३ बघा: २ आणि ३ मिळून ५, मध्ये ५५. आता आपली संख्या. मध्ये ९. डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. करा बेरीज... ९९९९९९९९. आठ नव्वे, ओळीने उभे.

तिसरं घर, विभाजक. १११११११११ चे मूळ अवयव पाडले तर ३ × ३ × ३७ × ३३३६६७ असे येतात. म्हणजे आपल्या संख्येत ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा. त्यावरून एकूण विभाजकांची संख्या ५ × ३ × ३, म्हणजे ४५. एवढी अवाढव्य संख्या, तिला निःशेष भागणाऱ्या संख्या फक्त पंचेचाळीस. हा ४५ लक्षात ठेवा.

चौथं घर, हर्षद. एखाद्या संख्येला तिच्याच आकड्यांच्या बेरजेने निःशेष भाग गेला तर कापरेकर तिला हर्षद म्हणत. हर्ष देणारी ती हर्षद. उदाहरणार्थ १८: १ आणि ८ मिळून ९, आणि १८ ला ९ ने भाग जातो. आपल्या संख्येच्या आकड्यांची बेरीज ८१ होते. आणि ८१ म्हणजे ३ × ३ × ३ × ३, जे तिच्या अवयवांत बरोब्बर आहेत. म्हणजे ही हर्षद. इतकंच नाही, भाग दिल्यावर जे उत्तर येतं ते १२३४५६७९ चा वर्ग असतं. इथेही आठ गायब! त्या गायब आठाकडे आपण थोड्या वेळाने परत येऊ.

पाचवं घर, स्वयंभू. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच आकड्यांची बेरीज मिळवा. ३९ घेतली तर ३ आणि ९ मिळून १२, ३९ आणि १२ मिळून ५१. म्हणजे ३९ ही ५१ ची जननी. काही संख्यांना दोन जननी असतात. १०१ ही ९१ पासूनही होते (९१ + १०) आणि १०० पासूनही (१०० + १). आणि काहींना एकही नसते. २० कोणत्याच संख्येपासून अशी जन्मत नाही. अशा संख्यांना कापरेकरांनी स्वयंभू म्हटलं, आणि आपल्या गावावरून देवळाली संख्याही. आपली सतरा आकडी संख्या स्वयंभू आहे का? मी कागदावर शोधलं. नाही. तिची जननी आहे १२३४५६७८९८७६५४२४०. या संख्येच्या आकड्यांची बेरीज ८१, आणि ८१ मिळवले की शेवटच्या २४० चे ३२१ होतात. दुसरी जननी नाही, ही एकुलती एक.

सहावं घर, स्वतः कापरेकर. ज्या संख्येच्या वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली की मूळ संख्या परत मिळते, ती कापरेकर संख्या. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. आपली संख्या या कसोटीला उतरत नाही. पण तो मघाचा ४५ आठवा. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. संख्या स्वतः कापरेकर नाही, पण तिच्या विभाजकांची संख्या कापरेकर आहे! याला काही खोल अर्थ आहे असं मी म्हणत नाही. योगायोगच असणार. पण असा योगायोग सापडला की दिवस बरा जातो.

तर पत्रिका तयार: डेम्लो, हर्षद, स्वयंभू नाही, कापरेकर नाही, विभाजक पंचेचाळीस.

राजाचा कंठा

आता जरा मागे जाऊ, हजार-अकराशे वर्षं. इ. स. ८५० च्या आसपास महावीराचार्य नावाच्या जैन गणितज्ञांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. ते राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले. या राजाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातलं मळखेड, सोलापूरहून गुलबर्ग्याकडे गेलं की त्याच्या पुढचं गाव. राज्याचा विस्तार मात्र आजच्या महाराष्ट्रावरही होता.

महावीराचार्यांच्या या ग्रंथात गुणाकाराची काही उदाहरणं मुद्दाम अशी निवडलेली आहेत की उत्तर गळ्यातल्या माळेसारखं यावं, दोन्ही बाजूंनी सारखं. त्याला शब्दही तसाच आहे, कंठिका. त्यातलं एक उदाहरण: २७९९४६८१ ला ४४१ ने गुणा. उत्तर १२३४५६५४३२१. एकापासून सहापर्यंत चढायचं आणि उतरायचं. ही १११११११ ची नव्हे, एक कमी, म्हणजे १११११११ मधला एक एक काढून उरलेल्या सहा एकांची, १११११११ च्या धाकट्या भावाची, १११,१११ ची वर्गसंख्या आहे. आपल्या भाषेत सहावी डेम्लो.

दुसरं उदाहरण: १२३४५६७९ ला ९ ने गुणा. उत्तर १११११११११, नऊ एक. बघितलंत? मघाशी हरवलेल्या आठाची संख्या ती हीच. नवव्या शतकातला एक आचार्य आपल्या विद्यार्थ्यांना जी माळ करायला सांगतो, तिचा वर्ग केला की डोंबिवलीची संख्या तयार होते.

कापरेकरांचं श्रेय याने कमी होत नाही. महावीराचार्यांनी माळा गुंफून दाखवल्या. कापरेकरांनी अशा संख्यांचं कूळ कोणतं, नियम काय आणि त्याच स्वभावाच्या आणखी कोणत्या, हे शोधलं. पण आकड्यांच्या माळा करून हरखून जाण्याची आपल्याकडची सवय किती जुनी आहे, ते कळतं.

चिमा काय कामाची

आता तो प्रश्न, जो आमच्या घरात असल्या विषयावर बोलायला लागलं की पाचव्या मिनिटाला हमखास येतो. आत्या विचारते, "अरे, पण याचा उपयोग काय?"

आत्याला हसू नका. हाच प्रश्न फार मोठ्या माणसाने फार कडक शब्दांत विचारला आहे. रामानुजनला केंब्रिजला बोलावणारे जी. एच. हार्डी यांनी १९४० साली 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' हे पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी असलीच दोन उदाहरणं दिली. चार आकडी संख्यांत फक्त ८७१२ आणि ९८०१ याच आपल्या उलट्या रूपाच्या पटीत आहेत (८७१२ म्हणजे २१७८ ची चौपट, ९८०१ म्हणजे १०८९ ची नऊपट). आणि १५३, ३७०, ३७१, ४०७ या संख्या आपल्या आकड्यांच्या घनांच्या बेरजेइतक्या आहेत. मग हार्डींचा निकाल असा की हे कोड्यांच्या सदरात छान, हौशी लोकांची करमणूकही होईल, पण खऱ्या गणितज्ञाला यात घेण्यासारखं काही नाही.

त्यांचा मुद्दा फेटाळता येत नाही. आकडे हा संख्येचा स्वभाव नसून पोशाख आहे. आपल्याला दहा बोटं म्हणून आपण दहाच्या पटीत लिहितो. वेगळ्या पद्धतीने लिहिलं तर १५३ चं ते वैशिष्ट्य उरणार नाही. मूळ संख्या मात्र कोणत्याही पोशाखात मूळच राहते. इथल्याही बऱ्याच गणितज्ञांना कापरेकरांचं काम किरकोळ वाटायचं, लोक हसायचे. ते स्वतः म्हणत की दारुड्याला जशी त्या सुखातून बाहेर यायची इच्छा नसते तसं आपलं संख्यांच्या बाबतीत आहे. ज्याला लोक नाद म्हणून हसतात त्यानेच तो शब्द स्वतःला लावून घेतला की हसणाऱ्याकडे फारसं काही उरत नाही.

पण डेम्लोच्या बाबतीत मला हार्डींशी थोडा वाद घालावासा वाटतो. समजा आपल्याला आठच बोटं असती आणि आपण आठाच्या पटीत मोजत असतो. तर सात एकांचा वर्ग आला असता १२३४५६७६५४३२१. जिना तोच, फक्त सातव्या पायरीवरून उतरणारा. बारा बोटं असती तर अकराव्या पायरीपर्यंत गेला असता. म्हणजे पोशाख बदलला तरी चाल तीच. नऊ हा आकडा योगायोग, पण जिना आणि हातच्याने तो मोडण्याची जागा हा नियम. एवढं समजायला आठवीतला मुलगाही पुरे. आणि ते त्याने स्वतः शोधून काढलं तर त्याने खरं गणित केलं, असं मी म्हणेन.

आणखी एक गंमत. हार्डींच्या त्या प्रसिद्ध टॅक्सीचा नंबर १७२९. दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारांनी लिहिता येणारी सगळ्यात लहान संख्या, हे रामानुजनने आजारपणात बिछान्यावरून सांगितलं. आता तिला देवळालीच्या मास्तरांच्या नजरेने बघा. १ + ७ + २ + ९ = १९. आणि १७२९ = १९ × ९१. हर्षद आहे, आणि भाग दिल्यावर येतं ते १९ चंच उलटं रूप! हार्डींना तो नंबर नीरस वाटला होता. एका नजरेने नाही तर दुसऱ्या नजरेने, संख्या बोलते.

नाव कुणाचं राहतं

कापरेकरांचं सगळ्यात गाजलेलं काम ६१७४ चं. १९४६ साली त्यांना ते सापडलं, १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ते मांडलं. सगळे आकडे सारखे नसलेली कोणतीही चार आकडी संख्या घ्या. आकडे उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, आणि उत्तराला तेच करत राहा. आपल्याकडे पहिली आगगाडी बोरीबंदर ते ठाणे धावली ते १८५३ साल घेऊ. ८५३१ − १३५८ = ७१७३. ७७३१ − १३७७ = ६३५४. ६५४३ − ३४५६ = ३०८७. ८७३० − ०३७८ = ८३५२. ८५३२ − २३५८ = ६१७४. इथून पुढे गाडी हलत नाही, ७६४१ − १४६७ पुन्हा ६१७४. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथे पोचता. आज याला जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात. (६१७४ हर्षदही आहे. आकड्यांची बेरीज १८, आणि १८ ने भागलं की ३४३, म्हणजे सातचा घन.)

पण इतर नावांचं काय झालं पाहा. हर्षद संख्यांना अनेक पुस्तकांत 'निव्हेन संख्या' म्हणतात, कारण १९७७ साली आयव्हन निव्हेन या गणितज्ञांनी एका परिषदेत त्यांच्याबद्दल सांगितलं. स्वयंभू किंवा देवळाली संख्यांना 'कोलंबियन संख्या' असंही नाव आहे, कारण १९७४ साली कोलंबियाच्या बर्नार्डो रेकामान यांनी त्यांच्याबद्दल एका अमेरिकन नियतकालिकात प्रश्न विचारला. दोघांनीही काही चोरलं नाही. देवळालीत घरच्या पैशांनी छापलेली पुस्तिका अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या कपाटात कशी पोचणार? मास्तरांनी नावं दिली होती, पण ती दूरवर ऐकू जायला लागतो तो भोंगा त्यांच्याकडे नव्हता.

तो भोंगा १९७५ च्या मार्च महिन्यात मिळाला. 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये मार्टिन गार्डनर यांचं गणिताचं सदर असायचं, जगभर वाचलं जाणारं. त्यात त्यांनी कापरेकरांवर आणि त्यांच्या स्वयंभू संख्यांवर लिहिलं. मास्तर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. निवृत्तीला तेरा वर्षं झाली होती, १९६६ साली पत्नी गेल्या होत्या, आणि पेन्शन पुरत नाही म्हणून ते गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेत होते. १९८६ साली ते गेले. म्हणजे निदान शेवटची अकरा वर्षं तरी, देवळालीबाहेरचं जग आपल्याला ओळखतं हे त्यांना माहीत होतं. पुष्कळांच्या नशिबी तेवढंही नसतं.

यात मला सगळ्यात जास्त भावतं ते एकच. डहाणूत जन्मलेल्या, ठाण्यात शिकलेल्या, देवळालीत शिकवलेल्या या माणसाच्या हातात जगाला नाव द्यायची संधी आली तेव्हा त्याने काय निवडलं? हर्ष, स्वयंभू, देवळाली आणि डेम्लो. एक आनंद, एक देव, एक गाव आणि एक लोकलचं स्टेशन. स्वतःचं नाव लोकांनी नंतर लावलं.

आज डोंबिवलीच्या फलाटावर डेम्लो ही अक्षरं कुठे नाहीत. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत डोंबिवलीच. जगातल्या अंकगणिताच्या पुस्तकांत मात्र ते जुनं नाव जसंच्या तसं आहे, आणि जपानमधला किंवा ब्राझीलमधला एखादा मुलगा १११११११११ चा वर्ग करून बघतो तेव्हा नकळत आपल्या मध्य रेल्वेवरचं एक स्टेशन उच्चारतो. आत्याला मी हेच सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे डोंबिवलीचं नाव काढलं म्हण की."

हो. उपयोग विचारत असाल तर तूर्त एवढाच सांगता येईल.